पहिल्या बुधवारचे भाववाले सार

सायकलवर हेल्मेट घालून फिरणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो पेट्रोलचा भाव विचारत फिरायचा.

नाव होतं त्यांना, गळ्यात फोटोचं कार्डही होतं. पण आमच्याकडे, आदिलाबाद जिल्ह्यात, मास्तर असो, पटवारी असो की लाइटवाला असो, सगळे 'सार'च, म्हणजे सर. हे सरकारच्या कुठल्याशा सर्व्हेसाठी भाव लिहून न्यायचे, म्हणून भाववाले सार. पेट्रोल कुठं काय भावानं मिळतं आणि महिन्याला किती खपतं, एवढं विचारायचं आणि लिहून न्यायचं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी येणार म्हणजे येणार. पोळा असो, पाऊस असो, गावात कुणी गेलेलं असो. एकदा असेच मयतीच्या दिवशी आले. आधी सायकल भिंतीला लावून मयतीबरोबर स्मशानापर्यंत चालत गेले, हातपाय धुतले, आणि मग माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून कागद मांडीवर घेतला.

"आपल्या गावी पेट्रोल या पदार्थाची किरकोळ विक्री होते काय?"

अस्सं विचारायचे! ऑफिसातून प्रश्न यायचे तेलुगूत आणि इंग्रजीत. आमचं गाव मराठी, म्हणून सारांनी आपणच बसून त्यांची मराठी केली होती. एकदा केली ती केली, मग तिच्यातला एक शब्द हलला नाही. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, काऊन अन् कायले. पण कागद मांडीवर आला की माणूस बदलायचा. पाठ ताठ, आवाज जाड, आणि समोरची बाई ओळखीची नाहीच असा चेहरा.

"आपले नाव?"

"सार, मागच्या महिन्यात सांगतलं होतं ना."

"मागच्या महिन्यात विचारलं होतं म्हून सांगतलं. आता या महिन्याचं विचारून राह्यलो."

"महिन्याभरात माणसाचं नाव बदलते का?"

"आपण धरून नाई चालाचं, बाई. विचाराचं."

माझं डोकं असं फिरायचं म्हणता! दुकानात गिऱ्हाईक उभं, दूध उतू जातंय, आणि हे माझं नाव विचारत बसलेत. "लिवा मंग," मी म्हणायची, "तेच हाय जुनं, मायबापानं ठेवलेलं." ते शांतपणे लिहायचे. माझ्या तोंडाच्या पट्ट्याचा त्यांच्यावर कधी काही परिणाम झाला नाही. असा माणूस तो एकटाच असेल.

माझ्या गावाचं सांगायला पाहिजे. आम्ही भीमपूर मंडलातले, म्हणजे तालुक्यातले, नदीच्या काठावरचे. नदीपलीकडे महाराष्ट्र. आमच्या अर्ध्या सोयरिकी पलीकडच्या, माझं माहेरही पलीकडचंच. पेट्रोल पलीकडे थोडं स्वस्त. आमच्या बाजूचा पंप मंडलाच्या वाटेवर, तोही दूर. मग बाया काय करतात? कुणाचा भाऊ, कुणाचा जावई येता-जाता कॅन भरून आणतो, ते पाण्याच्या बाटल्यांत नरसाळ्यानं भरायचं आणि चार पैसे वर घेऊन विकायचं. फटफटी घरोघरी आल्या तसा हा धंदाही घरोघरी आला. माझ्या दुकानात साबण, बिस्कीट, तंबाखू, मीठमिरची होतीच, पण पोरांच्या फिया निघायच्या त्या बाटल्यांवर. आणि असं घरात पेट्रोल ठेवून विकायला कायद्यानं बंदी, हे गावातल्या लहान लेकराला ठाऊक.

मागं एकदा शेजारच्या गावात पोलिसांनी एका बाईच्या घरून कॅन उचलून नेली. तिच्या नवऱ्याला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. चुगली कुणी केली देव जाणे. पण आमच्या गावानं ठरवून टाकलं, की हे काम भाववाल्या सारांचं. सरकारचा माणूस, गावोगाव फिरतो, पेट्रोलच विचारतो, म्हणजे दुसरं काय असणार? मला ते पटायचं नाही. चुगली करणारा माणूस इतका चिकट नसतो, गोड बोलतो. पण पटत नव्हतं म्हणून मी माल उघड्यावर मांडला असंही नाही. शहाणी होते मी.

तर मग आमच्या गावात पहिल्या बुधवारची एक रीतच पडून गेली. मंगळवारी दिवसाउजेडी बाटल्या गायब व्हायच्या. सुलोचना काकू, म्हणजे माझी समोरची शेजारीण, तिच्या ज्वारीच्या कणगीत पुरायची. कुणी कडब्याच्या गंजीत, कुणी तुराट्यांखाली, कुणी न्हाणीतल्या रांजणामागं. माझा माल जास्त, म्हणून मी तर सगळाच्या सगळा मंगळवारीच माहेरी पाठवून द्यायची, नदीपलीकडे. आता बाटल्या लपतात, वास कुठं लपतो? म्हणून बुधवारी सकाळपासून घरोघरी ऊद जळायचा. गावात शिरावं तर एखाद्या उरुसात आल्यासारखं वाटायचं.

आणि सार विचारायचे, "पेट्रोल या पदार्थाची किरकोळ विक्री होते काय?"

सुलोचना काकू पदर सावरून म्हणायची, "पेटरोल? आमाले नाई बा ठाऊक. आमी गरीब मानसं."

दारात तिच्या दोन पोरांच्या दोन फटफटी उभ्या.

सार तिच्याकडे पाहायचे, फटफटींकडे पाहायचे, आणि लिहायचे, 'नाही'. मग थोडं थांबून म्हणायचे, "अजून एक डाव विचारू का?" हे ते प्रत्येकीला म्हणायचे. आणि मग काही न बोलता बसायचे. ते बसणं फार वाईट. शिव्या दिलेल्या परवडतात. काकू इकडे पाहायची, तिकडे पाहायची, उदाच्या धुरानं खोकायची, पण 'नाही' सोडायची नाही. सार उठायचे.

एकदा मी विचारलंच, "सार, खरं सांगा. तुमाले वास येत नाई का?"

"येते ना."

"मंग?"

"वास लिवाले रकाना नाई, बाई. अन् मी पाह्यलं नाई. पाह्यलं तं लिवलं असतं."

एवढं बोलून कागद दुमडून पिशवीत. ही त्यांची पिशवी म्हणजे कापडी, खांद्याला अडकवायची. तिच्यात कागद, पाण्याची बाटली, आणि जुन्या औषधाच्या बाटलीत थोडंसं पेट्रोल. ते कशाला? तर येताना वाटेतल्या पंपावर ते एवढंसं पेट्रोल विकत घ्यायचेच. भाव ऐकून लिहायचा नसतो, पैसे देऊन घेतल्यावर जो पडतो तो भाव, असं त्यांचं म्हणणं. माझा मावसभाऊ त्याच पंपावर कामाला आहे, तो सांगतो. पंपावर एवढा मोठा फलक, त्यावर लाल आकड्यांत भाव पेटलेला. सार त्याच्याकडे पाठ करून मॅनेजरला विचारणार, "आजचा भाव काय?" मॅनेजर म्हणणार, "वर हाय ना सार, बोर्डावर." सार म्हणणार, "बोर्डाले नाई विचारलं, तुमाले विचारलं." मॅनेजर कपाळावर हात मारून घ्यायचा. पण सारांची सायकल दिसली की माझा मावसभाऊ दोन वेळा मोजून माप घालायचा, हेही खरं.

ते घेतलेलं पेट्रोल सार वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली तर तिच्यात ओतून द्यायचे. फुकट. आमच्या वाटेवर गाड्या बंद पडतातच. पैसे पुढे केले तर म्हणायचे, "मी विकत नाई, मी लिवतो."

सायकल आणि हेल्मेटचं सांगायचं राहिलं. आदिलाबादहून ते बसनं यायचे आणि भीमपूरला एका हॉटेलवाल्याकडे ठेवलेली सायकल घेऊन गावं फिरायचे. आधी त्यांच्याकडे स्कूटर होती म्हणे. पेट्रोलचं काम मिळालं आणि त्यांनी ती विकून टाकली. का, तर स्वतःची गाडी असली की भाव चढला तर माणसाला राग येतो, उतरला तर आनंद होतो. ज्याला आनंद होतो त्यानं भाव लिहू नये. असं हे डोकं. बायको भांडून भांडून थकली असेल बिचारी.

"मंग हेल्मेट काऊन ठेवलं, सार?"

"स्कूटर इकली. डोकं नाई इकलं."

सगळा ओटा हसला. ते नाही हसले. विनोद करताहेत की खरं बोलताहेत, हे त्यांच्याबाबतीत कधी कळायचं नाही. मला वाटतं त्यांनाही त्यात फरक वाटत नसावा.

मी त्यांना वेडा म्हणायची. तोंडावर. एका उन्हाळ्यात त्यांना म्हटलं, "इतकं उनातानात फिरता, अन् कागदावर काय नेता? नाई, नाई, नाई. घरीच बसून लिवलं तं कोन पाहाले येते?" त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, डोक्याचा घाम पुसला. म्हणाले, "घरी बसून लिवलेलं नाई अन् इथं येऊन ऐकलेलं नाई, हे दोन येगळे हायेत, बाई. कागदावर सारखे दिसतात एवढंच." तेव्हा मला त्यात काही अर्थ वाटला नाही. मी आतमध्ये जाऊन भाजी ढवळली.

आता त्या दिवसाचं सांगते.

पावसाळा सरत आला होता, कपाशीला बोंडं धरली होती. फवारणीचे दिवस. आमच्या घरचं शेत माझे धाकटे दीर पाहतात. भाऊजी म्हणते मी त्यांना. लग्न होऊन वर्ष झालेलं, जाऊ माझी पोटुशी. भाऊजी सकाळीच पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गेलेले. पहिला बुधवार होता. घरधनी आदिलाबादला दुकानाचा माल आणायला गेलेले. सार ओट्यावर बसले होते आणि माझं नाव विचारत होते.

तेवढ्यात दोन गडी भाऊजींना उचलून घेऊन आले. बाई गं, ते रूप! तोंडाला फेस, अंग घामानं निथळतंय, पाय लुळे, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वारा उलटा फिरला होता आणि औषध सगळं अंगावर, नाकातोंडात गेलं होतं. दोनदा ओकले म्हणे, मग पडले. जाऊ धावत आली आणि त्यांच्या डोक्याशी बसून नुसती "अवो, अवो" म्हणू लागली. दुसरा शब्द तिच्या तोंडून फुटेना.

सारच पहिले उठले. त्यांनी भाऊजींचा शर्ट फाडून काढला, घागरभर पाणी ओतून अंग धुवायला लावलं, कुशीवर वळवलं. कुणीतरी अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला फार वेळ लागेल म्हणाले. गावात एक ऑटो, नारायणचा. नारायणनं तो गर्रकन वळवून दारात आणला आणि तिथंच तो बंद पडला. टाकी कोरडी.

"वैनी, पेट्रोल!" नारायण ओरडला. "बुधवार हाय म्हून काल भरलं नाई. एक-दोन बाटल्या द्या कोनी!"

माझ्याकडे कुठून? माझं सगळं नदीपलीकडे! फटफटी घेऊन गडी शेतात गेलेले. काकूच्या दारातल्या एका गाडीची नळी काढून पाहिली, चहाचा कप भरेल एवढंही निघालं नाही. सारांनी पिशवीतली ती औषधाची बाटली काढली. रिकामी. सकाळीच वाटेत कुणाला तरी ओतून दिलेली. ती बाटली उलटी धरून ते तिच्याकडे पाहत राहिले.

मी काकूकडे धावले. "काकू, काढा बाटल्या!"

काकू दारात उभी. तिनं माझ्या खांद्यावरून सारांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माह्याकडं कुठून आलं बाई पेटरोल?"

"काकू, जीव चालला मानसाचा!"

"सार हायेत ना तिथं," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. पण पाय हलेनात. शेजारच्या गावातल्या त्या बाईचा नवरा ठाण्यात दिवसभर बसलेला तिनं पाहिला होता, तो तिचा भाचाच. मी दुसऱ्या दारी गेले, तिसऱ्या दारी गेले. सगळ्या बाया उंबऱ्यात उभ्या, घराघरातून उदाचा धूर निघतोय, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या ओट्यावर. एक निघाली असती तर सगळ्या निघाल्या असत्या. पण पहिली कोण होणार? मी रस्त्यात मधोमध उभी राहून ओरडत होते, काय ओरडत होते ते मलाही आठवत नाही.

सारांनी हे सगळं पाहिलं. मग त्यांनी कागद गोळा केले. पिशवी खांद्याला अडकवली. हेल्मेट घातलं, पट्टा लावला. आणि ज्या जाड आवाजात प्रश्न विचारायचे त्याच आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "आजचं काम झालं. मी चाललो. आता या महिन्यात येत नाई."

मी जाऊन सायकलचा हँडल धरला. "सार, मानूस मरून राह्यला अन् तुमी चालले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझी बोटं एकेक करून सोडवली आणि सायकलवर टांग टाकली. एरवी रमतगमत चालवणारा माणूस, त्या दिवशी उभं राहून पायडल मारत होता. मी मागून काय काय बोलले! पळपुटा म्हटलं, पाषाण म्हटलं, तुझं वाटोळं होईल म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये ते सगळं बोलले. मारुतीच्या देवळाच्या वळणापर्यंत माझा आवाज गेला असेल. ते वळणाआड गेले.

आणि काकू घरातून धावत बाहेर आली. दोन हातांत दोन बाटल्या, त्यांना ज्वारीचे दाणे चिकटलेले. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. कुणाच्या बाटलीला कडबा, कुणाच्या बाटलीला राख. ऑटोची टाकी भरून खाली सांडलं, तरी बाया बाटल्या पुढे करतच होत्या. नारायणनं असा काही ऑटो हाणला की विचारू नका. मी मागं, भाऊजींचं डोकं माझ्या मांडीवर. रस्त्यात आम्हाला सार दिसले नाहीत. बाजूच्या पांदणीनं गेले असतील.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं लगेच सुई सुरू केली. पहिले दोन दिवस जीव टांगणीला. मग भाऊजींनी डोळे उघडून पाणी मागितलं आणि जाऊ माझ्या गळ्यात पडून इतकी रडली, की नर्स रागावली.

त्या दवाखान्यात बसून मी रोज सारांच्या नावानं बोटं मोडायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, असा असा माणूस, मरणाच्या दारात माणूस सोडून पळाला. एके दिवशी जाऊ भाऊजींना पेज भरवता भरवता म्हणाली, "ताई, ते गेले नसते तं बाटल्या निघाल्या असत्या का?"

एवढंच म्हणाली आणि पुन्हा पेज भरवायला लागली. मी गप्प झाले. माझ्यासारखी बाई गप्प झाली म्हणजे काय ते समजा. किती सोपं होतं आणि मला दिसलं नव्हतं. त्या माणसानं पाहिलं असतं तर लिहिलं असतं, हे गावाला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. तो थांबून 'मी लिहीत नाही, काढा बाटल्या' म्हणाला असता, तर कुणी विश्वास ठेवला नसता. बायांना मोकळं करायचं तर एकच वाट होती, आपण तिथं नसायचं. आणि तीही इतक्या झटक्यात, की कुणाला वाटावं हा माणूस दगड आहे.

पुढच्या महिन्यात मी गुळाचा चहा करायचं ठरवून वाट पाहिली. सार आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. बाया सवयीनं मंगळवारी बाटल्या लपवायच्या आणि बुधवारी संध्याकाळी काढायच्या, पण कुणाचं मन लागत नव्हतं. मग एक पोरगी आली, हातात टॅब घेऊन. गोड होती बिचारी. तिनं मला आंटी म्हटलं, पेट्रोलचं विचारलं, मी 'नाही' म्हणायच्या आत बटण दाबलं आणि निघाली. अजून एक डाव विचारू का, असं काही ती म्हणाली नाही.

सार आले ते उन्हाळा तोंडावर असताना, एका रविवारी. सायकल नव्हती, नारायणच्याच ऑटोत बसून आले. त्यांना बिनकागदाचं पाहायची सवय नव्हती, कसेसेच दिसले. मी त्यांना ओट्यावर नाही, घरात नेऊन बसवलं. त्यांनी भाऊजींचं विचारलं. शेतावर गेलेत, येतील इतक्यात, म्हटलं. मग मी विचारलं, "तुमी काऊन येत नाई, सार?"

"काम सोडलं."

"काऊन?"

त्यांनी सदऱ्याची गुंडी चाचपली. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या गावाचे रकाने कोरे राह्यले. कोरे ठेवले तं कारण लिवा लागते. काय लिवणार होतो? बायांच्या बाटल्या निघाव्या म्हून उठलो, असं लिवलं असतं तं उद्या पोलिस आले असते. मी लिवलं, घरी कोनी नव्हतं. सगळ्या घराले तेच लिवलं."

"बरं केलं," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटं लिवलं, बाई. मले वाटलं, साहेब बोलावतील. विचारतील, भर दिवसा अख्ख्या गावात कोनीच कसं नव्हतं? काय सांगाचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. कोनी विचारलं नाई. खऱ्या कागदाच्या संगं तोही कागद गेला. काई झालं नाई." त्यांनी हात उघडे करून दाखवले. "मंग मी इतकी वर्षं खरं काऊन लिवलं? कोनासाठी लिवलं?"

 माझा राग उसळला, त्यांच्यावर नाही, कुणावर ते ठाऊक नाही. म्हटलं, "तुमी खोटं लिवणारे असते तं गाव तुमाले भ्यालं नसतं, अन् तुमाले पळावं लागलं नसतं. मी काय काय बोलले तुमाले त्या दिवशी, आठवते का?"

"पाषाण म्हटलं."

"मंग?"

"वळणापर्यंत ऐकू आलं," ते म्हणाले. "मले बरं वाटलं. म्हटलं, आता बायांचा इश्वास बसला."

माझे डोळे भरून आले. मी चहा करायच्या निमित्तानं चुलीपुढे जाऊन बसले.

भाऊजी आले तेव्हा त्यांच्या कडेवर पोरगी होती. दिवाळीनंतर झाली, जावळ भरपूर, आवाज माझ्यावर गेलेला. भाऊजी मुलखाचे लाजाळू. सार यायचे तेव्हा ते शेतात असायचे, म्हणून समोरासमोर अशी भेट कधी झालीच नव्हती. मी म्हटलं, "हेच ते." भाऊजी दारातच थबकले. पाया पडायला वाकले, तर सार मागं सरकले. मग काय करावं हे भाऊजींना कळेना. ते म्हणाले, "सार, तुमी गेले म्हून मी हाओ."

आणि कडेवरची पोरगी त्यांनी सारांच्या मांडीवर ठेवून दिली.

सारांना लेकरू धरता येत नव्हतं. त्यांनी तिला दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलं आणि ते हुंदका देऊन रडले. पोरगी त्यांच्या सदऱ्याची गुंडी तोंडात घालायला पाहत होती.  सरकारच्या कागदात लिहिलं आहे, की त्या दिवशी आमच्या गावात कुणाच्या घरी कुणीच नव्हतं. राहू दे तसंच लिहिलेलं. आमच्या घरात आम्ही सगळे आहोत.